दृश्य धूळ आणि अदृश्य हवा : वायुप्रदूषणाच्या कृतिशिक्षणाची चिकित्सा

शालेय शिक्षणात ‘कृती’ ह्या शब्दाला आज जी प्रतिष्ठा आहे ती त्याला सुखासुखी मिळालेली नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानण्याचा विचार पुढे आला. ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे लहान मुलांच्या हाताला काम देणारी बालशिक्षणाची पद्धती ग्रामीण व आदिवासी वस्तीत रुजविली. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत, मुलांनी प्रयोग करून उत्तरे स्वतःच लिहावीत, अशी विज्ञानशिक्षणाची योजना सुरू झाली; ती ३० वर्षे चालली आणि २००२ साली शासनाच्या निर्णयाने बंद पडली. ह्या साऱ्यांचा वारसा म्हणून असो की काळाची चाल म्हणून असो, आज प्राथमिक शाळेच्या क्रमिक पुस्तकांत ‘करून पहा’ हा मथळा पानोपानी आढळतो. कृतीच्या बाजूने वाद घालण्याचे दिवस संपले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ज्या कल्पनेसाठी वाद घालावा लागत नाही तिची परीक्षाही सहसा कोणी करीत नाही. एखादी कृती मुलाला नेमके काय शिकविते, आणि ती जे शिकविते ते खरे असते काय, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आहे. वायुप्रदूषणाच्या शिक्षणात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. कारण येथे शिकावयाची वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि शिकविण्याचे साधन मात्र बहुधा डोळ्यांवरच विसंबलेले असते.

ह्या विवेचनासाठी छत्रपती संभाजीनगर हे क्षेत्र निवडण्यास कारण आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या त्यातील यादीत, तेव्हाच्या औरंगाबाद ह्या नावाने, ह्या शहराचा समावेश होता. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा ह्या औद्योगिक वसाहती, जालना रस्त्यावरील अखंड वाहतूक, सतत चाललेली बांधकामे आणि उन्हाळ्यात कोरड्या माळावरून येणारी धूळ, असे हवेच्या अभ्यासाला लागणारे सारे साहित्य येथे शाळेच्या फाटकाबाहेरच उपलब्ध आहे. शिक्षणाच्या बाजूने पाहिले तरी उणीव विषयाची नाही. पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि २००४ साली त्यासाठी तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमावर शिक्कामोर्तब केले. राज्याच्या आठवीच्या सामान्य विज्ञानात प्रदूषण हे स्वतंत्र प्रकरण आहे. २०२० साली सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने पंचमहाभूतांच्या चौकटीत वायूला रीतसर स्थान दिले. विषय आहे, आणि कृतीही आहेत. तपासावयाचे आहे ते त्या दोहोंचे नाते.

सर्वांत प्रचलित कृती म्हणजे व्हॅसलिन लावलेल्या कागदाची. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकोनी तुकड्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावयाचा. एक तुकडा शाळेच्या फाटकाशी, एक मैदानात, एक घरी टांगावयाचा. आठवड्याने ते उतरवून भिंगाखाली ठेवावयाचे आणि चौरस सेंटिमीटरमध्ये किती कण अडकले ते मोजावयाचे. कृती स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि तिला एक नाट्यही आहे, कारण पांढऱ्याचे काळे झालेले मुलांना साक्षात दिसते. झाडाच्या पानावरून ओला पांढरा कापूस फिरविणे, खिडकीच्या गजावरून बोट फिरविणे, ह्या तिच्याच धाकट्या बहिणी होत. ह्या कृतींनी मुलांचे कुतूहल जागे होते हे कोणीही नाकारणार नाही. तथापि जॉन ड्यूईने आपल्या १९३८ च्या ग्रंथात जो इशारा दिला होता तो येथे आठवावा लागतो : प्रत्येक अनुभव शिक्षणाचा असतोच असे नाही, आणि काही अनुभव पुढच्या शिक्षणाची वाट अडवून बसतात.

व्हॅसलिनचा कागद कशाची मोजणी करतो? जे कण खाली बसतात त्यांची. आता हवेतील कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकारावर अवलंबून असते, आणि हे अवलंबणे साधे नाही. व्यास निम्मा झाला की पडण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. पाण्याइतक्या घनतेचा, ५० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ७ सेंटिमीटर खाली येतो. ३ मीटर उंचीच्या वर्गाच्या छतापासून फरशीपर्यंत यावयास त्याला पाऊण मिनिटही लागत नाही. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला ३ मिलिमीटर उतरतो. अडीच मायक्रॉनच्या कणाचा वेग सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच वर्गात, वारा मुळीच नाही असे धरले तरी, त्याला फरशी गाठावयास चार तासांहून अधिक वेळ लागेल. आणि वर्गात वारा नाही असे कधी नसते. म्हणजे हा सूक्ष्म कण व्यवहारतः खाली बसतच नाही. तो तरंगतो, श्वासाबरोबर आत जातो आणि फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतो. नाकातील केस आणि घशातील ओलावा ज्यांना अडवितात ते मोठे कण कागदावर भरपूर सापडतात. ज्यांना शरीर अडवू शकत नाही ते कागदालाही अडविता येत नाहीत, आणि चुकून अडकले तरी शाळेच्या भिंगाला दिसत नाहीत. ह्यावरून निघणारा निष्कर्ष कठोर आहे, पण टाळता येण्याजोगा नाही : ही कृती वायुप्रदूषणाचा जो भाग सर्वांत कमी घातक आहे त्याचीच मोजणी करते आणि जो सर्वांत घातक आहे त्याविषयी मौन पाळते. मौन पाळते एवढ्यावर भागत नाही. कागद स्वच्छ राहिला तर हवा स्वच्छ आहे असे ती सुचविते.

हा दोष केवळ तांत्रिक असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. पण ह्या कृतीतून मुलाच्या मनात एक समीकरण तयार होते : प्रदूषण म्हणजे मळ. आणि मळाविषयी आपल्या घराघरांतून जे संस्कार झालेले असतात ते लगेच त्या समीकरणाला येऊन चिकटतात. मळ झाडून काढावयाचा असतो; तो नजरेआड केला की घर स्वच्छ होते. मग कोरडा झाडू मारल्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत उठते हे ध्यानात येत नाही, आणि ढीग पेटवून दिला तर तो नाहीसा होतो, म्हणजे प्रदूषण कमी होते, असा विपरीत तर्कही त्या समीकरणातून सरळ निघतो. हा तर्क काल्पनिक नव्हे. ह्या शहराने तो २०१८ साली भररस्त्यावर पाहिला आहे. अनेक वर्षे शहराचा कचरा नारेगावच्या माळावर टाकला जात असे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या तेथे येऊ देण्यास नकार दिला, मार्चमध्ये मिटमिटा येथे पर्यायी जागेच्या प्रश्नावरून हिंसाचार झाला, आणि महिनोन्‌महिने वस्त्यावस्त्यांतून कचऱ्याचे ढीग साचून राहिले. त्यांतील कितीतरी ढीग ठिकठिकाणी पेटविण्यात आले. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घालून दंड ठरविलेला होता. परंतु ढीग पेटविणाऱ्या माणसाला आपण काही अपराध करीत आहोत असे वाटले नसावे, आपण सफाई करीत आहोत असेच वाटले असावे. दृश्य मळाचे अदृश्य विषात रूपांतर करणे हीच त्याच्या लेखी स्वच्छता होती. त्या धुरातून शाळेत गेलेल्या मुलांच्या व्हॅसलिनच्या कागदावर फार काही उमटले नसते. राखेचे चार मोठे कण उमटले असते, इतकेच.

आणि दूर जावयास नको. कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की शाळेचे आवार झाडून पाला एका कोपऱ्यात गोळा करावयाचा आणि सकाळच्या प्रार्थनेच्या सुमारास त्याला काडी लावावयाची, हा प्रकार मराठवाड्यात कोणाला नवलाचा वाटत नाही. ज्या दिवशी भिंतीवर ‘शुद्ध हवा’ ह्या विषयाचे तक्ते लागतात त्याही दिवशी तो चालू असू शकतो.

कृतिशिक्षणाच्या मूळ प्रवर्तकांनी कृतीकडे ज्या अपेक्षेने पाहिले ती येथे पडताळून पाहणे उद्‌बोधक ठरेल. माँटेसरीच्या साधनांत लाकडी दट्टा चुकीच्या भोकात बसत नाही. मुलाची चूक शिक्षिकेने दाखवावी लागत नाही, ती साधनच दाखविते. मूलोद्योगात टकळीचेही तेच. हाताचा पीळ चुकला की सूत तुटते, आणि तुटलेले सूत कोणत्याही शेऱ्यापेक्षा स्पष्ट बोलते. व्हॅसलिनच्या कागदावरचे सूत कधीच तुटत नाही. कागदावर कण भरपूर आले तर ‘प्रदूषण आहे’ हे सिद्ध झाले. कमी आले तर ‘येथे झाडे आहेत म्हणून कमी’ हे सिद्ध झाले. उत्तर आधीच ठरलेले असते आणि कृती त्या उत्तराची साक्षीदार म्हणून उभी केली जाते. समजा, एखाद्या मुलीच्या वर्गातील कागदावर फाटकाजवळच्या कागदापेक्षा अधिक कण आढळले. प्रकल्पवहीत ही ‘चूक’ ठरते. मुलगी बहुधा आकडे बदलून टाकते, आणि तिला गुणही मिळतात. वस्तुतः तिने एक शोध लावलेला असतो. फळ्याखालचा खडूचा भुगा, डस्टर झटकण्याची रीत, ३० बाकांखालून दिवसभर चाललेली पायांची हालचाल, हे सारे तिच्या कागदाने टिपलेले असते. कागद दूषणीय नाही. त्याला विचारलेला प्रश्न दूषणीय आहे. होशंगाबादच्या योजनेचे खरे महत्त्व साहित्यपेटीत नव्हते, तर अनपेक्षित उत्तराला वर्गात बसावयास जागा देण्यात होते, ही गोष्ट तिच्या अनुकरणकर्त्यांच्या ध्यानात फारशी राहिलेली दिसत नाही.

कृती केव्हा केली जाते, ह्याचाही विचार आवश्यक आहे. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो आणि तेव्हा येथील शाळांना उन्हाळी सुटी असते. म्हणून शाळा उघडल्यावर, जूनच्या उत्तरार्धात किंवा श्रावणाच्या आसपास, पर्यावरणाचे उपक्रम उरकले जातात. नेमक्या ह्याच महिन्यांत पावसाने हवा धुतली जाते आणि वर्षातील सर्वांत स्वच्छ हवा शहराला मिळते. हिवाळ्यात चित्र पालटते. पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची तुलनेने उबदार असते. धूर वर चढत नाही, वस्तीच्या उंचीवरच पसरून राहतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत शाळा स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धांत गुंतलेली असते. उरला उन्हाळा. मार्च-एप्रिलमध्ये कागद टांगले तर वाऱ्याने उडालेली माळरानाची धूळ त्यांवर भरपूर बसते आणि हवा तेव्हाच सर्वांत वाईट असते असा समज होतो; धुराचे सूक्ष्म कण मात्र त्या दिवसांत दुपारच्या तापलेल्या, उंचवर ढवळल्या जाणाऱ्या हवेत बरेच विरळ झालेले असतात. एकाच कागदाने तीन ऋतूंत तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या, आणि तिन्हींना नाव एकच दिले गेले.

परदेशातून आलेल्या कृतींची गत ह्याहून विचित्र आहे. इंग्लंडमध्ये २००९ साली ओपल ह्या उपक्रमात शाळकरी मुलांसह हजारो नागरिकांनी झाडांच्या खोडांवरील शैवाकांची पाहणी केली. शैवाके गंधकाच्या धुराला नाजूक असतात, आणि कोणत्या जाती टिकल्या ह्यावरून हवेचा अंदाज करण्याची पद्धत तेथे १९७० पासून रूढ आहे. ओलसर हवामानात ही पद्धत उत्तम होय. पण वर्षाकाठी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि आठ महिने कोरड्या राहणाऱ्या शहरात, रस्त्याकडेच्या कडुनिंबावर शैवाक आढळले नाही, तर दोष वाहनांच्या धुराला द्यावयाचा की उन्हाला? तुलनेसाठी तितकेच कोरडे पण धूर नसलेले ठिकाण घेतल्याखेरीज ह्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि तुलनेची ही अट भाषांतरित कृतिपत्रिकेत बहुधा गळून पडते. गंमत अशी की मराठी घरातील मुलाला शैवाक अपरिचित नाही. काळ्या मसाल्यातील दगडफूल हे शैवाकच होय. ते कोठून येते, आपल्या गावच्या झाडावर का उगवत नाही, ह्या प्रश्नापासून सुरुवात झाली असती तर ही परकी कृतीही आपली झाली असती.

खारघर येथे जानेवारी २०२१ मध्ये कार्यकर्त्यांनी उभारलेले पांढऱ्या फुप्फुसांचे फलक ह्या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. गाळणपटाची दोन मोठी फुप्फुसे, मागे पंखे, आणि काही दिवसांत काळवंडत जाणारा पांढरा रंग, असे त्याचे स्वरूप होते. मोजमाप म्हणून त्याला फारशी किंमत नाही. किती हवा ओढली गेली आणि किती वजन साचले हे त्यातून कळत नाही, शिवाय स्वच्छ ठिकाणी तसेच दुसरे फुप्फुस तुलनेला नव्हते. तरीही तत्त्वाच्या दृष्टीने ते व्हॅसलिनच्या कागदाच्या एक पायरी वर आहे. कागद कण पडण्याची वाट पाहतो. फुप्फुस हवा ओढून घेते. श्वास घेणे म्हणजे वाट पाहणे नव्हे, हा भेद त्या फलकाने रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दाखविला. याउलट, हवेच्या निर्देशांकाचे सहा रंग भरण्याची जी कृती अलीकडे शाळांतून करून घेतली जाते तिच्यात हात हलतात, विचार हलत नाही. २०१५ पासून लागू झालेल्या ह्या निर्देशांकात ५१ ते १०० ह्या पायरीला ‘समाधानकारक’ म्हटले आहे. अडीच मायक्रॉनच्या कणांपुरते बोलावयाचे तर त्या पायरीची वरची सीमा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविलेली दिवसाची मर्यादा १५ आहे. हिरव्या रंगाची फिकी छटा भरणाऱ्या मुलाने ‘समाधान कोणाचे?’ असे विचारावे, अशी सोय त्या रंगपत्रिकेत नाही.

मग कोणती कृती करावी? उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पत्र्याच्या किंवा कौलारू छताच्या शाळेत वाढलेल्या प्रत्येकाने कवडसा पाहिलेला असतो. जाळीतून येणाऱ्या सूर्यकिरणांत जो सूक्ष्म रज दिसतो त्याला मनुस्मृतीने त्रसरेणू म्हणून वजनाच्या मापांतील पहिले स्थान दिले; आणि १८७० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल ह्याने प्रकाशाचा झोत टाकून, स्वच्छ भासणारी हवा तरंगत्या कणांनी भरलेली असते, हे श्रोत्यांना दाखविले. खिडक्या पुठ्ठ्याने झाकून एका भोकातून कवडसा वर्गात घ्यावा. प्रथम त्यात डस्टर झटकावे. खडूचे कण एकेक करून चमकताना दिसतात आणि थोड्याच वेळात विरळ होतात. किती सेकंदांत, ते मुलांनी घड्याळ लावून मोजावे. नंतर काचेच्या मोठ्या बरणीत उदबत्तीचा थोडासा धूर कोंडून, झाकण लावून, ती बरणी कवडशाच्या वाटेत ठेवावी. (धूर बरणीतच असावा, वर्गात दम्याची मुले असतात.) आता एकही सुटा कण दिसत नाही. तरी बरणीतून जाणारा प्रकाशाचा पट्टा स्पष्ट उजळतो, त्याला किंचित निळसर झाक असते, आणि खडूची धूळ बसून गेल्यावरही तो बराच वेळ तसाच राहतो. बरणीच्या तळाशी व्हॅसलिनचा कागद आधीच ठेवलेला असेल तर तो बाहेर काढून भिंगाखाली धरावा. तो जवळपास कोराच असतो.

येथे कागदाचे सूत तुटते, आणि कागदाकडूनच तुटते. ज्या साधनावर मुलाने विश्वास ठेवला होता त्याने डोळ्यांसमोर असलेला धूर नोंदविला नाही, हे मुलाने स्वतः पाहिलेले असते. त्यानंतर कण सुटा दिसत नसला तरी त्याने विखुरलेला प्रकाश दिसतो, ही कल्पना शिक्षकाने सांगितली तर ती उपदेशासारखी न वाटता कोड्याच्या उकलीसारखी वाटते. शिवाय ही कृती पुढे नेते. आज अनेक ठिकाणी बसविलेल्या स्वस्त हवामापक पेट्यांत हेच तत्त्व असते. आत लेझरचा कवडसा, आणि विखुरलेला प्रकाश टिपणारा एक ग्राहक. पावसाळ्यातील दमट पहाटे ह्या पेट्या फुगलेले आकडे दाखवितात, कारण ओलाव्याने कण फुगतात आणि धुक्याचे थेंबही प्रकाश विखुरतात. कवडसा पाहिलेल्या मुलाला हे कळू शकते. केवळ आकडा वाचावयास शिकलेल्या मुलाला ते कळण्याचा मार्ग नाही.

आकड्याला अर्थ देण्याचे कामही हाताने करता येते. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गात १४४ घनमीटर हवा मावते. मुलांनी पट्टीने मोजून हे काढावे. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ह्या देशी मर्यादेने त्या साऱ्या वर्गात मिळून ९ मिलिग्रॅमहून कमी सूक्ष्म कण होतात. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण २० मिलिग्रॅम धरले तर हे अर्ध्या दाण्याहूनही कमी भरते, आणि आरोग्य संघटनेच्या मर्यादेने एका दाण्याचा नववा-दहावा हिस्सा. दाणा हातावर ठेवून वर्गाकडे पाहिले म्हणजे दोन गोष्टी एकदम समजतात : प्रश्न किती थोड्या वस्तुमानाचा आहे, आणि शाळेच्या तराजूला तो का पेलत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानवी केंद्रांवरील यंत्र म्हणूनच मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा गाळणकागदातून ओढते. अशी २४ तासांत १,४०० घनमीटरांहून अधिक हवा गाळली की कागदाच्या आधीच्या व नंतरच्या वजनात मोजण्याजोगा फरक पडतो. आठवड्यातून दोनदा ह्या हिशेबाने वर्षाला १०४ वेळा हे मोजमाप व्हावयाचे असते. मंडळाच्या यादीत शहरातील असे एक केंद्र अनेक वर्षे सरस्वती भुवन महाविद्यालयात नोंदलेले आहे. औरंगपुऱ्यातील शाळांना ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. वाळूजच्या मोरे चौकात अखंड मोजणारे स्वयंचलित केंद्रही आहे. वापरलेला एक गाळणकागद मुलांच्या हाती येणे, हे तक्त्यांच्या प्रदर्शनाहून निश्चित मोलाचे ठरेल.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांना अदृश्याचे आकलन होत नाही, म्हणून दृश्यापासून आरंभ करावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आरंभ दृश्यापासून करण्याला हरकत नाही. हरकत आहे ती तेथेच शेवट करण्याला. डोळे मिटून शेजारच्या घरात काय शिजते आहे हे सांगणाऱ्या मुलाला, न दिसणारे काही हवेत असते, हे पटवावे लागत नाही. मात्र कवडशालाही मर्यादा आहे, आणि ती झाकून ठेवणे म्हणजे व्हॅसलिनच्या कागदाचीच चूक पुन्हा करणे होय. नायट्रोजनची ऑक्साइडे, उन्हाच्या दुपारी तयार होणारा ओझोन, हे वायू कवडशात दिसत नाहीत. निळ्या, निरभ्र, दूरवर पाहू देणाऱ्या एप्रिलच्या आकाशाखालीही ते असू शकतात. त्यांच्यासाठी शाळेजवळ आज विश्वासार्ह हाती कृती नाही, असे शिक्षकाने वर्गात सांगावे. मुलाला त्यातून शास्त्राची अधिक खरी ओळख होईल.

ह्या साऱ्या कृतींना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे नोंदवही, आणि प्रकल्पवही व नोंदवही ह्यांत फरक आहे. प्रकल्पवही गुणांसाठी असते आणि मार्चमध्ये संपते. नोंदवही शाळेची असते आणि एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे जाते. तिच्यात रोज सकाळी ठरावीक वेळी चारच गोष्टी लिहाव्यात. टांगलेल्या कापडी पट्टीवरून वाऱ्याची दिशा. गच्चीवरून दूरची खूण दिसते की नाही. धुराचा वास येतो काय, आणि कोणत्या बाजूने. आवारात किंवा रस्त्यावर काही जळत आहे काय. दूरच्या खुणा ह्या शहराला निसर्गाने आणि इतिहासाने मुबलक दिल्या आहेत. दक्षिणेकडे सातारा डोंगर आहे, उत्तरेकडे बीबी का मकबऱ्यामागच्या टेकड्या आहेत, पश्चिमेकडच्या शाळांना देवगिरीचा किल्ला आहे. सूक्ष्म कण वाढले की दूरचा डोंगर प्रथम फिका आणि मग दिसेनासा होतो. धुके कोणते आणि धूर कोणता, हे ओळखावयास मुले दोन-तीन आठवड्यांत शिकू शकतात. तीन हिवाळ्यांची अशी वही मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवली तर तिच्यात काही अर्थ दिसेल, आणि कदाचित मंडळाच्या आकड्यांतही.

तथापि वहीतील चौथा रकाना अडचणीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रचलित कृतिपत्रिकांचा शेवट बहुधा प्रतिज्ञेत होतो : फटाके उडविणार नाही, झाडे लावीन, सायकल वापरीन. पाचवीतल्या मुलाकडे प्रदूषणाची सारी जबाबदारी सोपवून मोठी माणसे मोकळी होतात, आणि कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही. चौथा रकाना मात्र ठिकाणाचे नाव मागतो. वर्गात चूल पेटणाऱ्या घरची मुले असतात, वेल्डिंगच्या दुकानातील, भंगारातील तारा जाळून तांबे काढणाऱ्या घरची असतात. त्यांना वर्गासमोर लाजविण्याचे साधन नोंदवही होता कामा नये. म्हणून घरांची नोंद करू नये. रस्ता, बाजार आणि शाळेचे आवार एवढ्यांचीच करावी. एवढे पथ्य पाळले तरी आवाराची नोंद उरतेच. जानेवारीतल्या एखाद्या सकाळी, पाणी तापविण्याच्या जागेमागे पाल्याला काडी लागलेली असते, वारा वर्गांकडे असतो आणि सहावीतली मुलगी चारही रकाने भरून वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर स्वाक्षरीसाठी ठेवते.